रोबोटिक ऑपरेशन सांगितलंय? सही करण्याआधी काय विचारायचं, काय बघायचं

परवा रात्री साडेदहाला कराडहून चुलत भावाचा फोन. "ताई, अण्णांच्या प्रोस्टेटचं ऑपरेशन रोबोट करणार म्हणतायत, मग डॉक्टर तिथं असणार का नाही?" आवाजात भीती होती. मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, स्क्रब नर्स आहे (ऑपरेशन चालू असताना सर्जनच्या हातात इन्स्ट्रुमेंट देणारी सिस्टर), बारा वर्षं झाली, त्यातली शेवटची पाच रोबोटवाल्या ओटीत, त्यामुळे असे फोन महिन्यातून तीन-चार येतातच आणि प्रत्येकाला मी तेच सगळं पहिल्यापासून सांगते. आता एकदाच नीट लिहून ठेवते, म्हणजे ज्याला गरज आहे त्याला पाठवता येईल.

आधी रोबोट म्हणजे काय ते समजून घ्या, बाकीचे प्रश्न त्यातूनच निघतात. टेबलाशेजारी चार हातांचं मशीन असतं, त्या हातांना लांब बारीक इन्स्ट्रुमेंट आणि एक कॅमेरा लावतात, आणि ते पोटावरच्या बोटाएवढ्या किंवा त्याहून लहान छिद्रांतून आत जातात. सर्जन त्याच खोलीत थोड्या अंतरावर कन्सोलवर बसलेले असतात, डोळे व्ह्यूअरमध्ये, बोटं कंट्रोलमध्ये, पाय पेडलवर. ते बोट वळवतात तेव्हाच आतलं इन्स्ट्रुमेंट वळतं. सगळ्यात जास्त वापरात असलेलं मशीन म्हणजे दा विंची, त्याला अमेरिकेत २००० साली परवानगी मिळाली, आणि त्यात सर्जनने व्ह्यूअरमधून डोकं बाहेर काढलं की सगळे हात जागच्या जागी थांबतात. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. म्हणजे भावाच्या प्रश्नाचं उत्तर असं, की डॉक्टर असणारच, आणि टेबलाजवळ दुसरे असिस्टंट सर्जन, मी किंवा माझ्यासारखी सिस्टर, भूलतज्ज्ञ, टेक्निशियन, असे पाच-सहा जण असतात.

मग फायदा कसला? साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये इन्स्ट्रुमेंट सरळ काठीसारखी असतात, रोबोटची टोकं मनगटासारखी वळतात, वर हाताची थरथर मशीन गाळून टाकतं, हात तीन सेंटिमीटर हलला तर आत एकच सेंटिमीटर हलेल असं सेटिंग करता येतं, आणि चित्र मोठं दिसतं, वर काय पुढे आहे, काय मागे, तेही कळतं. खोल अरुंद जागेत, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी, बारीक टाके घालायचे असतात तिथे हे फार कामाला येतं, मी रोज बघते. एक उणीव पण सांगते. वर्षानुवर्षं या मशीनमध्ये सर्जनला हाताला काही जाणवत नव्हतं, टाका किती ओढला जातोय ते डोळ्याने बघूनच ठरवायचं. २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या दा विंची ५ मध्ये हा जोर जाणवण्याची सोय आली, पण जुनी मॉडेल्स अजून भरपूर वापरात आहेत. म्हणून मशीन कुठलं आणि कुठलं मॉडेल हे विचारायला लाजू नका. ब्रिटनचं व्हर्सियस भारतात पुण्यातूनच आलं, २०१९ साली, आणि गुरुग्रामला बनणारं एसएसआय मंत्रा हे आपल्या देशातलं मशीन पण आता बऱ्याच ठिकाणी दिसतं. कुठलं चांगलं यावर मी भांडणार नाही, सर्जनचा हात कुठल्या मशीनवर बसलाय ते जास्त महत्त्वाचं.

आता एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. या शब्दाने लोक सगळ्यात जास्त गोंधळतात, आणि जाहिरातीत तो रोबोटच्या शेजारीच छापलेला असतो म्हणून वाटतं की मशीन स्वतःच विचार करून कापतंय. आज पोटाच्या ऑपरेशनला जी मशीन्स वापरतात ती स्वतःहून कापत नाहीत. एआय आत्ता जास्त करून आजूबाजूच्या कामात आहे: सीटी स्कॅनवरून किडनीचं आणि गाठीचं थ्रीडी चित्र बनवणं, गुडघ्याचा सांधा कुठल्या साइझचा आणि किती अंशात बसवायचा याचा आराखडा काढणं, कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) चालू असताना स्क्रीनवर पॉलिपभोवती, म्हणजे आतल्या छोट्या गाठीभोवती, चौकोन दाखवणं, ऑपरेशनचा व्हिडिओ नंतर बघून कुठली पायरी किती वेळ चालली ते मोजणं. मशीनने स्वतः टाके घालण्याचे प्रयोग झालेत, आणि ते खरोखर थक्क करणारे आहेत. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या स्टार नावाच्या रोबोटने डुकराच्या आतड्याची दोन टोकं दुर्बिणीतून जोडली, ते २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि २०२५ मध्ये तिथल्याच टीमने शरीराबाहेर काढलेल्या डुकराच्या अवयवांवर पित्ताशय सोडवण्याच्या सतरा पायऱ्या रोबोटकडून करून घेतल्या, आठ नमुन्यांवर. पण हे प्रयोगशाळेतलं झालं, तुमच्या पेशंटचं ऑपरेशन त्या पद्धतीने होणार नाहीये. त्यामुळे कुणी "आमच्याकडे एआयवाली सर्जरी आहे" म्हणालं तर शांतपणे एकच विचारा, "एआय यात नेमकं काय करतं, आणि ते चुकलं तर कोण पकडतं?" ज्याला माहीत आहे तो दोन मिनिटांत नीट सांगतो.

पुढचं काम जास्त महत्त्वाचं आहे आणि लोक नेमकं तेच सोडून देतात: आपल्या आजाराला रोबोट लागतो का हे बघणं. सगळ्या ऑपरेशनचं उत्तर एक नाही.

अण्णांचं प्रोस्टेट कॅन्सरचं. यात रोबोट सगळीकडे रुळलाय, रक्त कमी जातं, माणूस लवकर उठतो. पण लघवीवर ताबा आणि लैंगिक क्षमता यासाठी रोबोटच हवा असं कुणी छातीठोक सांगत असेल तर थांबा. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला तीनशेहून जास्त पुरुषांवर रोबोट आणि ओपन (मोठा छेद घेऊन केलेलं ऑपरेशन) अशी तुलना झाली, पहिले निकाल २०१६ मध्ये आले, आणि तीन महिन्यांनी काय, दोन वर्षांनी काय, या दोन्ही बाबतींत दोन्ही गट जवळपास सारखेच निघाले. म्हणजे ओपन उत्तम करणारा अनुभवी सर्जन जवळ असेल तर तो पर्याय कमी दर्जाचा समजू नका, भावाला मी हेच सांगितलं. किडनीचा फक्त गाठीचा भाग काढायचा असेल तिथे मात्र मला रोबोट मनापासून आवडतो, कारण रक्तवाहिनी चिमट्यात धरलेली असते आणि किडनीचं रक्त थांबलेल्या त्या थोड्या मिनिटांत सगळे टाके घालायचे असतात, तेव्हा ते वळणारं मनगट फार उपयोगी पडतं.

पित्ताशयातले खडे, अपेंडिक्स, साधा हर्निया, इथे साधी दुर्बीण बहुतेकांना पुरते. पित्ताशयाबाबत तर अमेरिकेत दहा लाखांहून जास्त वयस्क पेशंटच्या नोंदी तपासून २०२३ मध्ये एक अभ्यास आला, त्यात पित्तनळीला इजा होण्याचं प्रमाण रोबोटमध्ये ०.७ टक्के आणि साध्या दुर्बिणीत ०.२ टक्के होतं. दोन्ही आकडे लहान आहेत, पण पित्तनळीची इजा झालेला पेशंट मी पाहिलाय आणि पुढे किती महिने जातात ते पण पाहिलंय. मग जास्त पैसे देऊन रोबोट कशासाठी, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

आणि बायकांनी हे नक्की वाचा. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर असेल आणि मोठं, म्हणजे आजूबाजूच्या भागासकट गर्भाशय काढायचं ऑपरेशन सांगितलं असेल तर छोट्या छिद्रांचा मोह बाजूला ठेवून बोला. २०१८ मध्ये लॅक नावाच्या अभ्यासाचे निकाल आले, वेगवेगळ्या देशांतली तेहतीस केंद्रं, ६३१ स्त्रिया. साडेचार वर्षांनी आजार परत न आलेल्यांचं प्रमाण ओपनमध्ये ९६.५ टक्के आणि दुर्बीण-रोबोटच्या गटात ८६ टक्के. त्या गटात बहुतेकांची साधी दुर्बीण होती, रोबोट थोड्यांचा, पण त्यानंतर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, रोबोट अशा कॅन्सरला वापरण्याबद्दल सावध करणारी सूचना काढली. माझ्या मावशीच्या जावेला हे कुणीच सांगितलं नव्हतं, मी सांगितलं तेव्हा तिने दुसरं मत घेतलं आणि ओपन करून घेतलं, टाके लांब आले, दुखलं पण जास्त. मला त्या निर्णयाचं समाधान आहे. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर हा वेगळा आजार आहे, तिथे दुर्बीण आणि रोबोट दोन्ही चालतात, विशेषतः वजन जास्त असेल तर रोबोटची मदत होते, त्यामुळे रिपोर्टवर नेमकं काय लिहिलंय ते आधी वाचा.

गुडघ्याचं प्रकरण वेगळंच आहे, कारण तिथला रोबोट वेगळ्या जातीचा. काही मशीन्स आधी सीटी स्कॅन मागतात, काही नाही. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना ठोकून ट्रॅकर लावतात म्हणजे मशीनला हाड कुठे आहे ते कळतं, मग सर्जन कापतात आणि ठरवलेल्या रेषेबाहेर पातं गेलं की मशीन अडवतं. काही प्रकारांत कापण्याचं काम मशीनच करतं, सर्जन बटण धरून असतात. कटिंग आराखड्याच्या जास्त जवळ येतं हे खरं. पण कोरियातल्या एका मोठ्या अभ्यासात पेशंटना दहा वर्षांहून जास्त काळ बघितलं आणि चालणं, दुखणं, सांधा टिकणं, कशातच रोबोट आणि साध्या पद्धतीत फरक दिसला नाही. तो जुन्या पिढीचा रोबोट होता, हे पण सांगायला हवं. तरी आईचे गुडघे करायचे आणि पैसे मोजून मोजून आहेत अशी स्थिती असेल तर मी म्हणेन ते पैसे रोबोटऐवजी तीन महिने घरी येणाऱ्या चांगल्या फिजिओथेरपिस्टला द्या.

सर्जनना काय विचारायचं. कागदावर लिहून न्या, तिथे गेल्यावर अर्धं विसरतं. तुम्ही स्वतः कन्सोलवर बसून हेच ऑपरेशन किती केलीत, गेल्या वर्षभरात किती? या हॉस्पिटलमध्ये याच मशीनवर किती? किती वेळा मधेच ओपन करावं लागलं? माझ्या पेशंटच्या दिवशी कन्सोलवर पूर्ण वेळ तुम्हीच असणार का, की शिकणारे डॉक्टर पण बसणार? टेबलाजवळ कोण असणार? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि मला तो सगळ्यात आधी विचारावासा वाटतो, कारण अचानक रक्त आलं तर पेशंटच्या पोटाशी हात असतो तो त्या असिस्टंटचा, कन्सोलवरच्या सर्जनला उठून, हात धुऊन, गाऊन घालून यायला वेळ लागतो. आमच्या टीममध्ये मशीन झटकन बाजूला काढायचा सराव आम्ही ठराविक दिवसांनी करतो, कोण कुठला हात सोडणार, कोण टेबल हलवणार, सगळं ठरलेलं असतं. तुमच्या हॉस्पिटलमध्ये असा सराव होतो का, विचारा. लाईट गेली तर मशीनला बॅटरी असते, ती चिंता मनातून काढा.

चांगल्या सर्जनना या प्रश्नांचा राग येत नाही. मी ज्यांच्याबरोबर उभी राहते ते तर आपणहून आकडे सांगतात. राग आला, किंवा "गुगल करून आलात का" असं ऐकवलं, तर सीटीची सीडी, बायोप्सीचा रिपोर्ट, रक्ताचे रिपोर्ट घ्या आणि दुसरीकडे दाखवा, आणि शक्यतो अशा सर्जनला दाखवा जो ओपन किंवा साध्या दुर्बिणीने हेच ऑपरेशन करतो. रोबोटवाल्याकडून रोबोटवाल्याकडे गेलात तर बहुतेक तेच ऐकायला मिळेल. कॅन्सरमध्ये आठ-दहा दिवस दुसऱ्या मतासाठी गेले तर सहसा बिघडत नाही, तरी किती थांबलं तर चालेल हे पहिल्याच डॉक्टरांना विचारून घ्या.

पैसे. इथे माझ्या स्वतःच्या घरात चूक झालीय म्हणून पोटतिडकीने लिहितेय. सासऱ्यांचं किडनीचं ऑपरेशन झालं, पॉलिसी पाच लाखांची होती, कॅशलेस होती, आम्ही सगळे निश्चिंत. डिस्चार्जच्या दिवशी कळलं की रोबोटिक सर्जरीला त्या पॉलिसीत एक लाखाचीच मर्यादा आहे. संध्याकाळी सहा वाजता बिलिंग काउंटरसमोर नवरा आणि दीर फोनवर पैसे गोळा करत होते आणि सासरे व्हीलचेअरवर बसून विचारत होते, "काय झालं, काय झालं." नर्स असून मी पॉलिसी वाचली नव्हती याचं मला आजही वाईट वाटतं.

तर समजून घ्या. विमा नियामक इर्डाने सप्टेंबर २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी काढली, रोबोटिक सर्जरी त्यात आहे, आणि हे उपचार पॉलिसीतून सरसकट वगळता येणार नाहीत असं सांगितलं. पण कंपनीला त्यावर मर्यादा घालायची मुभा ठेवली. म्हणून "रोबोटिक कव्हर आहे का?" असं विचारलं की उत्तर हो येतं आणि आपण फसतो. विचारायचं असं: "आधुनिक उपचारांच्या यादीत रोबोटिक सर्जरीला माझ्या पॉलिसीत किती रुपयांची मर्यादा आहे?" उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर नको. प्री-ऑथच्या, म्हणजे विमा कंपनीची आधी मंजुरी घेण्याच्या, फॉर्ममध्ये रोबोटिक हा शब्द आहे का ते हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर (विम्याचं काम बघणारा काउंटर) बसून बघा. सरकारी योजनेतून करत असाल तर आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमध्ये योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, आधी भेटा, पॅकेजमध्ये कुठली पद्धत धरलीय आणि वरचे पैसे भरावे लागतील का ते त्यांच्याकडून लिहून घ्या.

एस्टिमेट मागताना तीन एस्टिमेट मागा, ओपन, दुर्बीण आणि रोबोट, तिन्ही एकाच कागदावर. रोबोटच्या रकान्यात मशीनचं भाडं, इन्स्ट्रुमेंट, ड्रेप (मशीनच्या हातांवर घालायची निर्जंतुक कव्हरं) हे वेगळं धरलंय की पॅकेजमध्ये आहे ते बघा. ही इन्स्ट्रुमेंट ठराविक वेळाच वापरता येतात, मशीन स्वतः मोजतं आणि संपली की घेतच नाही, त्यामुळे तो खर्च खरा असतो, पण तो आधी कळायला हवा. मधेच ओपन करावं लागलं तर रोबोटचे पैसे लागणार का, हे पण विचारा. गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ पासून कमाल मर्यादा घातलीय, म्हणून बिलात सांध्याची किंमत आणि रोबोटचे पैसे वेगवेगळे दिसले पाहिजेत.

संमतीपत्रावर सही करण्याआधी ते घरी आणून वाचा, म्हणजे आदल्या रात्री अकरा वाजता वॉर्डात पेनाची शोधाशोध करत सही करायची वेळ येणार नाही. गरज पडल्यास ओपन करू, हे वाक्य त्यात असतंच आणि असायलाच हवं, ओपन केलं म्हणजे काही बिघडलं असं समजू नका, वेळेवर ओपन करणारा सर्जन मला जास्त सुरक्षित वाटतो. व्हिडिओ रेकॉर्ड होणार का, तो कुणाला देणार, कंपनीला किंवा एआय शिकवायला वापरणार का, नाव काढून टाकणार का, हे विचारा. देणं किंवा न देणं तुमच्या हातात आहे. मी स्वतः देईन, कारण अशा व्हिडिओंवरूनच पुढची मशीन्स शिकणार आहेत, पण विचारून घेतलं पाहिजे.

तयारीतलं एक सांगते जे पुष्कळ जण सांगायचं विसरतात. प्रोस्टेट किंवा गर्भाशयाच्या रोबोटिक ऑपरेशनमध्ये टेबल डोक्याकडून खूप खाली करतात, पाय वर, आणि पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, हे दोन-तीन तास, कधी जास्त. त्याने डोळ्यातला दाब वाढतो. काचबिंदू असेल, डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल, तर भूलतज्ज्ञांना आपणहून सांगा, "ते डोळ्याचं आहे, याचा काय संबंध" असं मनात म्हणून गप्प बसू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी बंद करायच्या तेही त्यांनाच विचारा, स्वतः ठरवू नका.

बाहेर आणल्यावर चेहरा आणि पापण्या सुजलेल्या दिसतात, डोकं खाली असल्यामुळे, एक-दोन दिवसांत उतरतं. खांदा दुखतो, पोटात छेद आणि खांदा का दुखतोय म्हणून लोक घाबरतात, तो गॅसचा त्रास असतो, चालायला लागलं की कमी होतो. प्रोस्टेट काढल्यावर लघवीची नळी साधारण आठवडा-दहा दिवस राहते, ती निघाल्यावर सुरुवातीला लघवी गळणार, त्यासाठी पॅड आधीच आणून ठेवा आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्या. छिद्रं लहान आहेत म्हणून आतलं ऑपरेशन लहान होतं असं नाही, तिसऱ्या दिवशी स्कूटर काढणारे पेशंट मी बघितलेत, असं करू नका. ताप, पोट फुगत जाणं, सतत उलट्या, लघवी बंद होणं, एका पायाची पोटरी सुजणं, धाप लागणं, यातलं काहीही झालं तर फॉलोअपच्या तारखेची वाट न बघता लगेच फोन करा, रात्र असली तरी.

डिस्चार्जच्या कागदांत ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्या, तिच्यात कन्सोलवर कोण होतं ते लिहिलेलं असतं. सांधा किंवा जाळी बसवली असेल तर तिचं स्टिकर फाईलला चिकटवून घ्या. आणि बायोप्सीचा शेवटचा रिपोर्ट नंतर येतो, तो कधी मिळणार ती तारीख लिहून घ्या.

काल भावाने परत फोन केला. सर्जननी आकडे दिले, कन्सोलवर स्वतःच असणार म्हणाले, अण्णांच्या डाव्या डोळ्याचा काचबिंदू कळल्यावर त्यांनीच आधी डोळ्याच्या डॉक्टरांकडे पाठवलंय. तीन एस्टिमेट हातात आहेत. विम्याच्या मर्यादेचं उत्तर अजून आलेलं नाही, त्याने दोन मेल टाकलेत, उद्या सकाळी टीपीए डेस्कवर जाऊन बसणार आहे, आणि ते लेखी आल्याशिवाय तारीख पक्की करायची नाही असं आमचं ठरलंय.